मऊ आहारातला 'मऊ' नेमका कोणता?

प्रश्न : वजन कमी करण्यासाठी पाच आठवड्यांपूर्वी माझी स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली. पातळ आहाराचे आणि त्यानंतर वाटून घेतलेल्या आहाराचे दिवस नीट पार पडले. चौथा आठवडा संपल्यावर 'आता मऊ आहार सुरू करा' एवढेच सांगण्यात आले. पहिल्याच दिवशी सकाळचे परतलेले अंडे दुपारी गरम करून घेतले आणि चार घासांतच छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखे झाले, तोंडाला फेसाळ लाळ सुटली आणि शेवटी उलटी झाली. तेव्हापासून मी धास्तावले आहे. गाळलेले सूप, लोणी घालून कुस्करलेला बटाटा, चहात बुडवलेली बिस्किटे आणि कधीमधी आइस्क्रीम यांवर दिवस काढते, कारण हे सगळे विनासायास उतरते. पण थकवा फार येतो आणि गेले दहा दिवस वजनाचा काटा हललेला नाही. माझ्या जावेची दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठीच जठराची बायपास झाली; तिला मिळालेला तक्ता माझ्या तक्त्याहून वेगळा आहे आणि ती रोज नवे काही सुचवते. मऊ आहार म्हणजे नेमके काय खायचे आणि किती? धाकटा मुलगा सारखा विचारतो, की तू आमच्याबरोबर जेवायला का बसत नाहीस. त्याला काय सांगावे, तेही सुचत नाही.

उत्तर : चार घास खाल्ल्यावर छातीत कळ येऊन उलटी झाली, की पुन्हा घास तोंडात घालायची हिंमत होत नाही, हे मी अनेक रुग्णांच्या बाबतीत पाहिले आहे. तुमच्या भीतीला मी मुळीच कमी लेखत नाही. मात्र त्या दिवशी जे झाले त्याचे कारण समजावून घेतले, तर पुढचा मार्ग बराच सोपा होईल, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

स्लीव्हच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि एक अरुंद, उभी नळी शिल्लक राहते, जिच्यात साधारण १०० ते १५० मिलिलिटर एवढेच मावते. काढून टाकलेल्या भागात जठराचा वरचा, फुग्यासारखा ताणला जाणारा घुमट असतो. पूर्वी दोन घास जास्त झाले, तर हा घुमट सैल होऊन त्यांना जागा करून देत असे. उरलेली नळी तसे करू शकत नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत नळीच्या भिंतींना सूज असते, त्यामुळे आतली वाट आणखी चिंचोळी झालेली असते. अशा वाटेवर तुमचे अंडे गेले. अंडे हा पदार्थ वाईट नव्हता, तो या टप्प्यातला सर्वांत चांगल्या पदार्थांपैकी एक आहे. पण परतून ठेवलेले अंडे पुन्हा गरम केले, की त्यातले उरलेसुरले पाणी निघून जाते आणि त्याचे कण रबरासारखे चिवट होतात. ते कण पुरेसे न चावता एकामागून एक गिळले गेले, नळीच्या तोंडाशी साचले आणि त्यांना पुढे ढकलण्यासाठी शरीराने लाळ सोडायला सुरुवात केली. फेस आला तो त्या लाळेचा. टाके उसवले असतील, आत काही बिघडले असेल, अशी शंका तुमच्या मनात नक्कीच येऊन गेली असेल. परंतु एकदाच झालेली आणि नंतर पूर्णपणे थांबलेली अशी उलटी बहुतेक वेळा केवळ घासाचा आणि वेगाचा प्रश्न असते. ती ज्या परिस्थितीत तशी नसते, तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे आणि तो भाग कृपया वगळू नये.

आता 'मऊ' या शब्दाविषयी. हा शब्द सांगायला सोपा आहे, पण माझ्या मते तो फार अपुरा आहे आणि त्याच्यामुळे दोन विरुद्ध दिशांनी चुका होतात. एक छोटा प्रयोग करून पाहा. ताज्या पावाचा एक तुकडा घ्या. बोटांना तो कापसासारखा लागेल. तोच तुकडा पाण्यात बुडवून दोन बोटांत चोळला, तर त्याचा चिकट गोळा होईल. तो विरघळणार नाही, कितीही दाबला तरी पुन्हा एकत्रच येईल. तुमच्या नळीच्या तोंडाशी पावाचे हेच होते. चिकटसर भात, नीट न चावलेला पास्ता आणि कणकेचे जाडसर पदार्थ याच प्रकारचे आहेत. हाताला मऊ लागतात, पण पोटात त्यांचा गोळा बनतो. म्हणून मऊ आहार सुरू झाल्यावरही पाव आणि भात यांना आणखी काही आठवडे लांब ठेवलेले बरे. पुढे पाव सुरू करायचाच झाला, तर ताज्यापेक्षा पातळ कापून चांगला भाजलेला तुकडा बहुतेकांना अधिक सोसतो, कारण चावल्यावर त्याचा चुरा होतो.

दुसऱ्या बाजूची चूक अधिक फसवी आहे आणि सध्या तुमच्या हातून तीच होत आहे. चहात बुडवलेले बिस्किट, आइस्क्रीम, लोण्यातला पातळसर बटाटा हे पदार्थ खरोखरच मऊ आहेत, ते कुठे अडकत नाहीत, दुखत नाहीत. पण ते पोटात थांबतही नाहीत. नळीतून घसरत ते सरळ आतड्यात पोहोचतात. त्यामुळे पोट भरल्याची जाणीव होत नाही, तासाभरात पुन्हा काहीतरी खावेसे वाटते, साखर आणि स्निग्धांश भरपूर जातो आणि प्रथिने जवळजवळ काहीच जात नाहीत. तुमच्या थकव्याचे हे एक मोठे कारण असण्याची शक्यता मला वाटते. शस्त्रक्रियेनंतर शरीराला जखम भरून काढायची असते आणि आहार एकदम कमी झालेला असतो. अशा वेळी प्रथिने कमी पडली, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडू लागते. कुस्करलेल्या बटाट्यात तसे वावगे काही नाही, पण सध्या तुमच्या एका जेवणात जेमतेम अर्धी वाटी अन्न मावते आणि त्या अर्ध्या वाटीत बटाटा बसला, तर प्रथिनांना जागा कुठून मिळणार?

म्हणून पदार्थ निवडताना तो मऊ आहे का, एवढाच प्रश्न न विचारता तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी सूचना आहे. चमच्याच्या पाठीने बशीवर दाबल्यावर त्याचे ओलसर, सुटे कण होतात का? त्याच्यात प्रथिने आहेत का? आणि तो खाल्ल्यावर निदान दोन-तीन तास पोटाला आधार वाटतो का? तिन्ही प्रश्नांना होकार देणारे पदार्थ या टप्प्याचा पाया आहेत. फक्त पहिल्या प्रश्नाला होकार देणारे पदार्थ चवीपुरते, शेवटी एखादा चमचा घेण्यापुरते ठेवावेत.

अंड्यापासूनच पुन्हा सुरुवात करा, असे सांगितले तर तुम्हाला धक्का बसेल. म्हणून पहिले तीन-चार दिवस ते बाजूला ठेवा. पाणी काढून घट्ट केलेले साधे दही हा या वेळचा सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे. शंभर ग्रॅम साध्या दह्यात तीन-चार ग्रॅम प्रथिने असतात, तर तेच दही चांगले निथळून घट्ट झाले, की तेवढ्याच वजनात आठ-नऊ ग्रॅमपर्यंत जातात. ते गिळायला जड नाही, नळीत मुक्काम करते आणि त्याला पुन्हा गरम करावे लागत नाही. बाजारातले फळांच्या स्वादाचे गोड दही मात्र टाळावे; त्यात साखर बरीच असते. दुधाने पोट फुगते किंवा जुलाब होतात, असे शस्त्रक्रियेनंतर काहींना नव्यानेच जाणवू लागते. त्यांनाही दही पुष्कळदा सोसते, न सोसल्यास टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, हाताशी असतोच.

दह्याने धीर आला, की अंड्याकडे वळा, पण या वेळी वेगळ्या रीतीने. एक अंडे आणि एक मोठा चमचा दूध एकत्र फेटून घ्यावे, आच अगदी मंद ठेवावी आणि चमचा सतत हलवत राहावे. अंडे अजून ओलसर, चकाकणारे, पण कुठेही कच्चे पातळ राहिलेले नाही, अशा अवस्थेत भांडे आचेवरून उतरवावे, कारण भांड्यातल्या उष्णतेने ते आणखी थोडे शिजते. ते लगेच खावे, अर्धे राहिले तर टाकून द्यावे, पुन्हा गरम करू नये. अन्न वाया जाते म्हणून तुम्हाला वाईट वाटेल, हे मला माहीत आहे. तरीही या काही आठवड्यांपुरते ते मान्य करा. परतलेल्या अंड्याचे नावच नको वाटत असेल, तर उकडून बारीक केलेले अंडे घट्ट दह्यात कालवून घ्यावे. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

मासा हा माझ्या दृष्टीने या टप्प्यातला उत्तम सामिष पदार्थ. वाफवलेल्या पांढऱ्या माशाचे पदर काट्याच्या हलक्या दाबाने सुटे होतात आणि पन्नास ग्रॅम शिजलेल्या मासळीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. त्यातले बारीक काटे मात्र बोटांनी चाचपून काढावेत, केवळ डोळ्यांवर विसंबू नये. कोंबडीच्या बाबतीत घाई नको. छातीचा सरळ भाजलेला तुकडा कितीही कोवळा दिसला, तरी चावल्यावर त्याच्या कोरड्या दोऱ्या होतात आणि अडकणाऱ्या पदार्थांच्या तक्रारींमध्ये तो नेहमी वरच्या क्रमांकावर असतो. खायचीच असेल, तर खिमा करून, भरपूर रसात मंद शिजवून खावी. लाल मांस आणखी पुष्कळ आठवडे पुढे ढकलावे.

शाकाहारी जेवणासाठी डाळी आहेत, सोललेली कडधान्ये आहेत, टोफू आणि ताजे पनीर आहे. डाळ पूर्ण गळेपर्यंत शिजवावी आणि पातळ पाण्यासारखी करण्याऐवजी चमच्यावर थांबेल इतपत दाट ठेवावी. पातळ डाळीने वाटी भरते, पण प्रथिने भरत नाहीत. शंभर ग्रॅम दाट शिजवलेल्या डाळीत आठ-नऊ ग्रॅम प्रथिने असतात. कडधान्यांची साले या टप्प्यात काढून टाकलेली बरी. पनीर घट्ट दाबलेले असेल, तर त्याचा रबरी तुकडा होतो आणि तो तुमच्या अंड्यासारखाच वागतो. ते ताजे, ओलसर, हाताने कुस्करलेले असावे आणि दह्यात किंवा डाळीत मिसळून घ्यावे.

भाज्या आणि फळे यांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांचा क्रम प्रथिनांनंतरचा आहे. साल काढून पूर्ण मऊ शिजवलेला भोपळा, गाजर, बिया काढलेला दुधी यांचे दोन-तीन चमचे पुरेत. दोरे असलेल्या शेंगा, कच्ची कोशिंबीर, मक्याचे दाणे, भाज्यांची देठे, सुकामेवा आणि खोबरे सध्या नको. पिकलेले केळे किंवा शिजवलेले सफरचंद चालते. संत्र्याच्या फोडींवरची पातळ साल मात्र चावली जात नाही आणि आत जाऊन चिकटते, म्हणून संत्रे नंतर. फळांचा रस घेऊ नये, ती द्रवरूप साखरच असते.

आता 'किती' या प्रश्नाकडे येते. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एका वेळी पाव ते अर्धी वाटी, म्हणजे ६० ते १२० मिलिलिटर, एवढेच बहुतेकांना पुरते. हा आकडा गाठायचाच, असे मात्र समजू नका. छातीच्या हाडाखाली किंचित दाब, एखादी उचकी, अचानक नाकातून पाणी येणे, शिंक किंवा खोल उसासा, यांपैकी काहीही जाणवले, की तीच तुमची सीमा. या खुणा पोट दुखण्याच्या आधी येतात. आपल्याला लहानपणापासून पोट तुडुंब भरेपर्यंत जेवायची सवय असते, त्यामुळे इतक्या हलक्या खुणांकडे लक्ष जात नाही. ज्यांना त्या ओळखता येऊ लागतात, त्यांच्या उलट्या जवळजवळ थांबतात, असा माझा अनुभव आहे. उरलेला एक घास संपवून टाकू, हा मोह या काळात सर्वाधिक त्रास देतो.

खाण्याची रीत पदार्थाइतकीच महत्त्वाची आहे. चहाचा लहान चमचा वापरावा आणि त्यावरही अर्धाच घास घ्यावा. तो वीस ते तीस वेळा, तोंडात पूर्ण पातळ होईपर्यंत चावावा, मग गिळावा, चमचा खाली ठेवावा आणि मिनिटभर थांबून पुढचा घास घ्यावा. संपूर्ण जेवणाला वीस ते तीस मिनिटे लागावीत. त्याहून फार जास्त वेळही नको, नाहीतर जेवण आणि चरणे यांतला फरक पुसला जातो. ताटात प्रथिनांचा पदार्थ प्रथम खावा, मग भाजी आणि जागा उरलीच तर बाकीचे.

पाणी जेवताना पिऊ नये आणि जेवल्यानंतर अर्धा तास थांबावे. या नियमाला रुग्ण सर्वांत जास्त कंटाळतात, पण त्याला कारण आहे. घासाबरोबर पाणी घेतले, तर एकतर नळीत जागा नसल्याने ते वर येते किंवा अन्नाला पातळ करून पुढे ढकलते आणि भूक लवकर लागते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात मात्र घोट-घोट करून दिवसभरात दीड लिटरपर्यंत पाणी जायलाच हवे. एका दमात पेला रिकामा करणे आता जमणार नाही; म्हणून बाटली सतत जवळ ठेवून दर दहा मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. लघवीचा रंग गडद दिसू लागला, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. थकवा आणि डोके जड होणे या तक्रारींमागे पुष्कळदा हेही कारण असते. फसफसणारी पेये घेऊ नयेत, त्यातला वायू त्या नळीत फुगतो आणि दुखते.

दिवसभरात निदान साठ ग्रॅम प्रथिने, हे सर्वसाधारण उद्दिष्ट सांगितले जाते, काहींसाठी ते ऐंशीपर्यंत असते. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, म्हणून एक दिवस मांडून दाखवते. सकाळी वर सांगितल्याप्रमाणे ओलसर शिजवलेले एक अंडे, सहा ग्रॅम. दोन तासांनी दोनशे मिलिलिटर दुधात प्रथिनांची भुकटी मिसळून अर्ध्या-पाऊण तासात घोट-घोट, त्यातून सुमारे पंचवीस ग्रॅम. दुपारी पन्नास ग्रॅम मासा आणि दोन चमचे भोपळा, दहा ग्रॅम. चार वाजता शंभर ग्रॅम निथळलेले दही, आठ-नऊ ग्रॅम. रात्री अर्धी वाटी दाट डाळ, आठ-नऊ ग्रॅम. बेरीज साठच्या आसपास जाते. भुकटीशिवाय या टप्प्यात हे उद्दिष्ट गाठणे कठीण आहे, म्हणून ती घेण्यात कमीपणा मानू नये. फक्त डब्यावरची माहिती वाचून साखर कमी असलेली निवडावी आणि तुमच्या आहारतज्ज्ञांना दाखवून घ्यावी. पहिल्याच दिवशी साठचा हट्टही नको. आठवड्याभरात तिथपर्यंत पोहोचलात, तरी चालेल. नवा पदार्थ दिवसातून एकच आणि तोही दुपारच्या आत करून पाहावा, म्हणजे सोसला नाही तर कशामुळे ते कळते आणि रात्र अस्वस्थतेत जात नाही.

तुमच्या जाऊबाई प्रेमापोटी सुचवतात, यात शंका नाही. पण तुमच्या दोघींची पोटे आता एकसारखी राहिलेली नाहीत. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी, सुमारे तीस मिलिलिटरची पिशवी करून तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. त्यामुळे गोड पदार्थ थेट आतड्यात उतरतो आणि खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडणे, घाम, पोटात मुरडा, जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून गरगरते. स्लीव्हनंतर हे कमी प्रमाणात दिसते, पण दिसतच नाही असे नाही. आइस्क्रीमनंतर तुम्हाला कधी असे झाले असेल, तर त्याचा अर्थ आता लक्षात येईल. आहाराचे टप्पे दोन्ही शस्त्रक्रियांत पुष्कळसे सारखे असले, तरी कोणता टप्पा किती दिवसांचा, हे प्रत्येक शल्यचिकित्सक आपल्या पद्धतीनुसार आणि रुग्णाच्या प्रगतीनुसार ठरवतात. शिवाय दोन वर्षांनंतर त्या जे खाऊ शकतात, ते पाचव्या आठवड्यात तुम्हाला चालणार नाही. तक्ता तुमचाच पाळावा. तो अपुरा वाटत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता आपल्या आहारतज्ज्ञांना फोन करून नीट लिहून मागावा. तो तुमचा हक्क आहे आणि केवळ 'मऊ आहार सुरू करा' एवढ्यावर कोणत्याही रुग्णाला घरी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुन्हा कधी घास अडकलाच, तर खाणे तत्काळ थांबवावे. तो खाली जावा म्हणून पाणी पिऊ नये. ते वाट बंद असल्याने वर साचते आणि दुखणे वाढवते. उभे राहावे, खोलीत सावकाश फेऱ्या माराव्यात, लाळ आली तर ती गिळण्याऐवजी थुंकावी. बहुतेक वेळा थोड्या वेळात मोकळे वाटते. उलटी झाली, तर पुढचे चोवीस तास केवळ पातळ पदार्थ घ्यावेत, मग एक दिवस वाटलेले आणि त्यानंतर पुन्हा मऊ. तुम्ही पातळ आहाराकडे परतलात ते अगदी योग्यच केले. फक्त तिथे राहण्याचा काळ लांबला.

आता मी आधी उल्लेख केलेला भाग. घन पदार्थ दिवसेंदिवस अधिक अडकू लागले, मऊ अन्नच काय, पण पाणीही टिकेनासे झाले किंवा दिवसातून अनेकदा उलट्या होऊ लागल्या, तर नळी एखाद्या ठिकाणी आकसली असण्याची शक्यता असते. दुर्बिणीतून तपासणी करून आणि गरज पडल्यास फुग्याने ती जागा रुंद करून यावर उपचार करता येतात, पण त्यासाठी वेळेत जायला हवे. सतत उलट्या होत राहिल्या, तर शरीरातला थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपू शकतो. एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत आणि त्यांवर त्याच दिवशी उपचार सुरू व्हावे लागतात, नाहीतर कायमची हानी होऊ शकते. ताप, नाडीची वाढलेली गती, पोटात किंवा डाव्या खांद्यात तीव्र वेदना, धाप लागणे, पोटरीला सूज, काळी शौच, यांपैकी काहीही झाल्यास सल्ला सदराला पत्र न लिहिता थेट रुग्णालयात जावे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर कमी झालेल्या आहाराप्रमाणे त्यांची मात्रा बदलावी लागते, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. लिहून दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या चुकवू नयेत आणि लोह व कॅल्शियम यांच्यात निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. थकव्याची तक्रार मात्र डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत आवर्जून सांगावी, कारण त्यामागे आहाराखेरीज आणखी काही आहे का, हे रक्त तपासूनच कळेल.

वजनाचा काटा थांबल्याची चिंता सध्या बाजूला ठेवावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. त्यानंतर शरीर पाणी धरून ठेवते आणि काटा काही दिवस जागचा हलत नाही. असा थांबा पुष्कळांना येतो आणि आपोआप सुटतो. बिस्किटे आणि आइस्क्रीम यांच्या जागी प्रथिने आली, की त्यालाही मदत होईल. वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी पाहावे. तो थांबा मोडण्यासाठी जेवण आणखी कमी करण्याचा विचार मनात आला असेल, तर कृपया तसे करू नये.

आणि तुमच्या मुलाविषयी. त्याला खरे तेच सोप्या शब्दांत सांगावे, की डॉक्टरांनी आईचे पोट लहान केले आहे, ते आतून भरून येत आहे, म्हणून आईला थोडेच आणि अगदी हळू खावे लागते. मुलांना कारण कळले, की त्यांची भीती ओसरते; आई एकटी स्वयंपाकघरात उभ्याने खाते, याचाच त्यांना अधिक घोर लागतो. आजपासून सर्वांबरोबर बसा. तुमची लहान वाटी आणि लहान चमचा घ्या. तुम्हाला लागणारी पंचवीस-तीस मिनिटे म्हणजे बाकीच्यांच्या जेवणाइतकाच वेळ आहे, त्यामुळे तुम्ही लवकर उठाल असे होणार नाही. त्याला एक कामही देता येईल. जेवण संपले, की त्याने घड्याळ पाहायचे आणि बरोबर अर्ध्या तासाने तुमचा पाण्याचा पेला तुमच्या हातात आणून द्यायचा, त्याआधी तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही.